अँपच्या पाठीवरची दोन भोकं

मुंबईच्या उपनगरात मोडत असलं तरी मढला पोचायला वेळ लागतो. मालाड स्टेशनवरून 271 नंबरची बस आक्सा, एरंगळ करत शेवटी मढच्या जेट्टीपाशी येऊन थांबते. वर्सोव्याहून निघालं तर होडी काही मिनिटांत खाडी पार करून देते, पण तेच अंतर रस्त्याने जायचं म्हटलं तर वीसेक किलोमीटरांचा वळसा पडतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये हा चिंचोळा पट्टा. इथे आवाज मात्र भरपूर. कोळीवाड्यातली हळद बँजोशिवाय होत नाही, नारळी पौर्णिमेला गाणी असतातच, जानेवारीत एरंगळच्या सेंट बोनाव्हेंचर चर्चच्या सणाला गर्दी लोटते, बंगल्यांमध्ये मालिकांचं चित्रीकरण चालू असतं आणि लग्नसराईत हिरवळीवर उभारलेल्या स्टेजांवर गिटार, ड्रम्स, कीबोर्डचे बँड वाजतात.

गिटारच्या अँपवरच्या या पुस्तकात इफेक्ट्स लूपचं प्रकरण मी मढला नेऊन ठेवलं आहे, त्याला दोन कारणं आहेत. लूपमागची कल्पना इथल्या मांडवातला साउंडवाला नेहमी वापरत असतो. आणि लूपची जी सर्वांत कच्ची जागा आहे, ती इथल्या खाऱ्या हवेत लवकर उघडी पडते.

आधी मांडवातलं पाहू. निवेदकाच्या आवाजाला एको द्यायचा असतो. साउंडवाल्याच्या मिक्सरवर प्रत्येक माइकच्या पट्टीत एक खुंटी असते. ती फिरवली की त्या आवाजाचा थोडा हिस्सा ‘सेंड’मधून बाहेर पडतो, एकोच्या यंत्रात जातो आणि भिजून ‘रिटर्न’मधून परत येतो. माइकचा मूळ आवाज आपल्या वाटेने पुढे जात राहतो आणि परत आलेला एको त्यात मिसळतो. आता अनेक मिक्सरमध्ये एको आतच बसवलेला असतो, पण वाट तीच. गिटारच्या बऱ्याच अँपच्या पाठीवर ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी नावं लिहिलेली जी दोन भोकं असतात, ती याच घराण्यातली. फरक एवढाच की मिक्सरमध्ये ही वाट मूळ रस्त्याच्या शेजारून जाते आणि गिटारच्या बहुतेक अँपमध्ये ती मूळ रस्ताच मधोमध तोडून काढलेली असते.

मधोमध म्हणजे नेमकं कुठे? मागच्या प्रकरणात आपण पाहिलं की अँप म्हणजे एकापुढे एक ठेवलेली दोन यंत्रं असतात. पहिला प्रीअँप. गिटारच्या पिकअपमधून येणारा अगदी दुबळा विजेचा संदेश तो वाढवतो, बेस, मिडल, ट्रेबलच्या खुंट्यांनी त्याला आकार देतो, आणि गेन वाढवला तर त्याची टोकं कापून त्याला ती ओळखीची करकरीत धार आणतो. दुसरा पॉवर अँप. हा त्या तयार संदेशाला स्पीकरचा कागद हलवण्याइतकी ताकद देतो. या दोघांच्या मधल्या सांध्यावर सेंड आणि रिटर्न असतात. प्रीअँपचं काम संपलं की संदेश सेंडमधून बाहेर येतो, तुमच्या पेडलांमधून फिरतो आणि रिटर्नमधून पॉवर अँपच्या दारात जातो. लूपमध्ये काहीच जोडलेलं नसेल तर संदेश आतल्या आतच सरळ पुढे जातो. ही आतली सरळ वाट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

पेडल गिटार आणि अँप यांच्यामध्ये लावायचं सोडून इतका द्राविडी प्राणायाम कशासाठी? याचं उत्तर टोकं कापण्यात आहे, आणि ते आकड्यांत पाहिलं तर पक्कं समजतं.

समजा, प्रीअँपमध्ये एका पातळीच्या वर संदेश जाऊच शकत नाही. त्या पातळीला 1 म्हणू. गेन भरपूर ठेवला आहे, त्यामुळे तुम्ही छेडलेला स्वर 50 पर्यंत जायला बघतो, पण 1 वर त्याचं डोकं कापलं जातं. हेच डिस्टॉर्शन. आता तुम्ही डिलेचं पेडल अँपच्या पुढे, म्हणजे गिटारच्या बाजूला लावलंत आणि प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्याच्या निम्मा ठेवलात. प्रीअँपमध्ये पहिला प्रतिध्वनी 25 पर्यंत जायला बघेल, दुसरा 12.5, तिसरा 6.25, चौथा 3.1, पाचवा 1.6. हे सगळेच्या सगळे 1 च्या वरचे, म्हणून सगळ्यांची डोकी त्याच पातळीवर कापली जाणार. कानाला पाचही प्रतिध्वनी जवळपास मूळ स्वराइतकेच मोठे लागतात. सहावा 0.8 वर येतो, तेव्हा कुठे आवाज उतरल्यासारखा वाटतो. दूर दूर विरत जाणं हा प्रतिध्वनीचा प्राण, आणि तोच इथे गेला.

डिले लूपमध्ये टाका. आता टोकं आधीच कापली गेली आहेत, डिलेच्या हातात 1 उंचीचा तयार स्वर येतो. त्याचे प्रतिध्वनी 0.5, 0.25, 0.125 असे उतरत जातात आणि पुढे त्यांना कापणारं कोणी नसतं. पेडल तेच, खुंट्या तिथेच, फक्त जागा बदलली.

दुसरा परिणाम याहून वाईट असतो आणि तो स्वर एकमेकांवर आले की होतो. टोकं कापणारं यंत्र दोन स्वर एकाच वेळी मिळाले की त्यांच्यातून मुळात नसलेले नवे स्वर तयार करतं: दोन्ही कंपनसंख्यांची बेरीज, वजाबाकी आणि त्यांच्या पटींची मिश्रणं. 220 हर्ट्झचा ए वाजवला आणि त्याचा प्रतिध्वनी चालू असतानाच 277 हर्ट्झचा सी शार्प छेडला, तर डिस्टॉर्शनमधून 57 हर्ट्झची एक घुमघुम आणि 497 हर्ट्झचा एक उपरा स्वर बाहेर पडतो. हे दोन्ही कुणी वाजवलेले नाहीत आणि बारा स्वरांच्या चौकटीत नीट बसतही नाहीत. एकाच वेळी छेडलेल्या दोन तारांतूनही हे घडतं. म्हणून जड डिस्टॉर्शनमध्ये वादक पूर्ण कॉर्डऐवजी मूळ स्वर आणि पंचम एवढंच वाजवतात, कारण त्या जोडीची बेरीज-वजाबाकी सुरात पडते. पण डिले पुढे लावला की एकेक स्वर वाजवतानाही मागचा स्वर पुढच्याशी भिडतो. रिव्हर्बमध्ये तर हजारो बारीक प्रतिध्वनी एकात एक गुंतलेले असतात. तो डिस्टॉर्शनच्या आधी लावला की नुसता चिखल होतो.

म्हणून रूढ मांडणी अशी: वॉ, कॉम्प्रेसर, फझ, ओव्हरड्राइव्ह ही पेडलं पुढे, कारण त्यांना गिटारचा कच्चा संदेश हवा असतो, डिले आणि रिव्हर्ब लूपमध्ये. कोरस, फ्लँजर, फेजर यांचं घर दोन्हीकडे आहे. गिटारवादक एडी व्हॅन हेलनने 1978 च्या पहिल्या अल्बमच्या काळात फेजर आणि टेप एको, दोन्ही मार्शल अँपच्या पुढेच लावले होते. त्या मार्शलला लूप नव्हताच. आज अनेक वादक मुद्दाम तसंच लावतात, कारण फेजरचा झोत पुढच्या डिस्टॉर्शनमध्ये जास्त खोल उतरतो. त्यामुळे रूढ मांडणी सुरुवातीला धरावी, नंतर फेजर आणि कोरस दोन्हीकडे लावून ऐकावा आणि कानाला विचारावं. डिले आणि रिव्हर्बच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे: प्रीअँपचं जड डिस्टॉर्शन वापरत असाल तर ती लूपमध्येच हवीत.

लूप उशिरा का आला, हेही समजून घेण्यासारखं आहे. इकोप्लेक्ससारखी टेपवरची एकोयंत्रं 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात होती, पहिलं गाजलेलं फझ पेडल 1962 मध्ये आलं, पण तेव्हाचे अँप मुळात स्वच्छ वाजावेत म्हणून बनवलेले असत. ध्वनिमुद्रणात तर अडचण नव्हतीच. टेपच्या काळात मुंबईच्या स्टुडिओंत काय, लंडनच्या काय, गिटार अँपमध्ये जायची, अँपपुढे माइक असायचा आणि एको द्यायचा तो ध्वनिमुद्रक आपल्या टेबलावरून, म्हणजे डिस्टॉर्शन होऊन गेल्यावर. ‘दम मारो दम’ (1971) मधली भूपिंदर सिंग यांची गिटार किंवा ‘कर्ज’ (1980) मधल्या ‘एक हसीना थी’ची गोरख शर्मा यांची गिटार ऐकून स्टेजवर तसाच आवाज काढायला निघालेल्या ऑर्केस्ट्रातल्या मुलांकडे ते टेबल नव्हतं. त्यांच्याकडे होता एक अँप आणि त्याच्या पुढे लावायची जागा.

मग प्रीअँपमध्येच गेनचे टप्पे एकामागे एक रचलेले अँप आले. कॅलिफोर्नियातल्या रँडल स्मिथ यांच्या मेसा बूगीने हा मार्ग रुळवला, आणि त्यांच्याच मार्क मालिकेत 1980 च्या सुमारास इफेक्ट्स लूप आला. डिस्टॉर्शन प्रीअँपमध्ये सरकल्यावर त्याच्या मागे एको लावायला दार लागणारच होतं. स्टुडिओतली मांडणी अशी अँपच्या पाठीवर आली.

यावरून एक गोष्ट सरळ निघते, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. अँप स्वच्छच ठेवून डिस्टॉर्शन पेडलातून घेत असाल, तर लूपची गरज नाही. डिस्टॉर्शन पेडलाच्या नंतर, अँपच्या बाजूला डिले लावला की क्रम आपोआप बरोबर होतो. रोलँडचा जेसी-120 हा 1975 सालचा अँप स्वच्छ आवाजासाठीच ओळखला जातो. असा अँप स्टेजवर मिळाला तर सगळी पेडलं पुढे लावून निश्चिंत वाजवा. पवईच्या आयआयटीत मूड इंडिगोची ‘लाइव्हवायर’ असो की कुठलंही कॉलेजचं स्टेज, एका बँडनंतर दुसरा चढतो, मधली मिनिटं मोजकी असतात. तिथे अंधारात अँपच्या मागे वाकून दोन जादा केबल जोडत बसण्यापेक्षा एकच केबल लावणारा शहाणा. उलट बाजूने, जुन्या मार्शलसारखा अँप पूर्ण उघडून पॉवर अँपचंच डिस्टॉर्शन घेणाऱ्यालाही लूपचा उपयोग नाही, कारण टोकं रिटर्नच्याही पुढे कापली जातात. लूप खऱ्या अर्थाने त्याच्यासाठी आहे, जो प्रीअँपच्या गेनवर वाजवतो.

काही अँपमध्ये मिक्सरसारखी समांतर वाट असते आणि शेजारी ‘मिक्स’ची खुंटी. मूळ संदेश सरळ पुढे जातो, पेडलातून आलेला हिस्सा त्यात मिसळतो. इथे डिलेचं पेडल पूर्ण ओलं ठेवावं लागतं, म्हणजे त्यातून फक्त प्रतिध्वनी बाहेर यावा, मूळ स्वर येऊ नये. डिजिटल पेडलांत संदेश आकड्यांत रूपांतरित होऊन परत यायला थोडा वेळ लागतो. समजा, एक मिलिसेकंद लागला आणि त्या पेडलातून मूळ स्वरही बाहेर आला, तर तो सरळ आलेल्या मूळ स्वराशी भिडून 500, 1500, 2500 हर्ट्झ अशा ठरावीक जागा पुसून टाकतो. आवाज पोकळ, नळकांड्यातून आल्यासारखा होतो. पुष्कळ जण तेव्हा पेडलाला दोष देतात. कोरस, फेजरला मूळ स्वर लागतोच, म्हणून समांतर लूपमध्ये मिक्स पूर्ण वर नेल्याशिवाय ती नीट चालत नाहीत.

आता पातळीचा प्रश्न. गिटारचं पेडल हे गिटारच्या दुबळ्या संदेशासाठी, बहुधा 9 व्होल्टवर चालणारं यंत्र. सेंडमधून निघणारा संदेश मात्र प्रीअँपने वाढवलेला असतो. व्यावसायिक रॅक-यंत्रांची पातळी सुमारे 1.23 व्होल्ट धरतात, घरगुती यंत्रांची सुमारे 0.32 व्होल्ट, आणि काही व्हॉल्व्ह अँपच्या सेंडमधून यापेक्षाही जास्त येतं. एवढं 9 व्होल्टच्या पेडलात घातलं तर त्याचीच टोकं कापली जातात. खूण अशी: हळू वाजवलं की डिले स्वच्छ, जोरात छेडलं की प्रतिध्वनी फाटतो. अँपच्या पाठीवर ‘-10’ आणि ‘+4’ असा किंवा तशा अर्थाचा स्विच असेल तर पेडलांसाठी तो खालच्या पातळीवर ठेवा. स्विच नसेल, सेंडची खुंटी असेल तर ती उतरवा. दोन्ही नसेल तर प्रीअँपचा चॅनल व्हॉल्यूम कमी करून मास्टर वाढवून बघा. बऱ्याच अँपमध्ये तेवढ्याने काम होतं.

केबलचंही थोडं. पेडलबोर्ड वादकाच्या पायाशी, अँप मागे. म्हणजे गिटारच्या केबलशिवाय लूपच्या आणखी दोन लांब केबल. साध्या गिटार केबलच्या दर मीटरला साधारण 100 पिकोफॅरड धारकता असते आणि ती वरचे, चमकदार स्वर गिळते. सेंडच्या मागे बफर असेल तर हे फारसं जाणवत नाही, नसेल तर सेंडपाशीच, लांब केबलच्या आधी, एक बफर लावावा. बोर्डाकडून परत येणाऱ्या केबलचा भार शेवटच्या पेडलावर असतो. तेव्हा ते शेवटचं पेडल बफरवालं असलेलं बरं.

लूप जोडल्याबरोबर घूंऽऽ असा आवाज सुरू झाला तर तो आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेचा. अँप आणि पेडलांचा पॉवर सप्लाय वेगवेगळ्या प्लगमधून अर्थ घेत असतील, तर केबलच्या जाळीतून त्यांचं एक मोठं वर्तुळ तयार होतं आणि ते हा आवाज उचलतं. मढच्या हिरवळीवरच्या कार्यक्रमात अँपला वीज जनरेटरमधून आणि पेडलांना दुसरीकडून, असा प्रकार असला की हे सहज होतं. उपाय: अँप आणि पेडलबोर्ड एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या आणि पेडलांना प्रत्येक तोंड वेगळं केलेला सप्लाय वापरा. काही जण घुमघुम घालवायला प्लगची मोठी पिन, म्हणजे अर्थ, काढून टाकतात. हे कधीही करू नका. आवाज जातो हे खरं, पण अँपमध्ये बिघाड झाला तर वीज जमिनीत जाण्याऐवजी तारांवरून वादकाच्या हातात येते, आणि ओल्या गवतावर उभ्या असलेल्या, एका हातात गिटार आणि ओठांपाशी माइक असलेल्या माणसाला ती जिवावर बेतू शकते.

बँजोबद्दलही इथेच सांगतो, कारण कोळीवाड्यातल्या मुलांना हा प्रश्न पडतो. आपल्याकडचा बँजो म्हणजे टाइपरायटरसारख्या पट्ट्या असलेलं, पिकअप बसवलेलं तारवाद्य. पिकअपमधून निघालेला संदेश गिटारचा आहे की बँजोचा, हे अँपला कळत नाही. त्यामुळे धार आणणारं यंत्र आधी आणि एको नंतर, हा क्रम बँजोलाही तसाच्या तसा लागू आहे. मिरवणुकीत बँजोचे बोल एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट होत असेल, तर आधी एको कुठे लावला आहे ते पाहा. आवाज वाढवण्याचा विचार नंतर.

आता ती आतली सरळ वाट. लूप मोकळा असताना सेंडकडून रिटर्नकडे संदेश जातो, तो रिटर्नच्या जॅकमधल्या दोन धातूच्या पट्ट्यांवरून. प्लग घातला की तो एका पट्टीला ढकलतो, दोन्ही पट्ट्या सुटतात आणि संदेशाला बाहेरची वाट धरावी लागते. प्लग काढला की पट्ट्या पुन्हा टेकतात. हा सांधा काही मिलिमीटरचा असतो आणि सगळा आवाज त्यावरून जातो. ज्या वादकाने लूप कधीच वापरला नाही, त्याच्या अँपमध्ये तो वर्षानुवर्षं घासला जात नाही. पट्ट्यांवर काळपट थर चढतो. मढसारख्या ठिकाणी हवेतून मिठाचे सूक्ष्म कण येतात, पावसाळ्यात दमटपणा 80 टक्क्यांच्या वर राहतो आणि मीठ स्वतःच ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे हा थर मुंबईच्या आतल्या भागापेक्षा लवकर जमतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, लग्नं थांबलेली असतात आणि अँपही कापड टाकून कोपऱ्यात पडून असतो. श्रावणात तो लावला की लक्षणं दिसतात: आवाज अचानक निम्म्यावर येतो, मध्येच खरखरतो, अँपच्या डोक्यावर थाप मारली की परत येतो, आणि काही वेळाने पुन्हा जातो. यावर व्हॉल्व्ह बदलले जातात, पिकअप बदलले जातात, प्रसंगी अख्खा अँप विकला जातो, आणि दोष असतो त्या दोन पट्ट्यांचा.

तपासणी सोपी आहे. एक आखूड पॅच केबल घ्या आणि सेंडमधून सरळ रिटर्नमध्ये लावा. आवाज पूर्ण भरून आला तर दोष लूपच्या जॅकमध्येच आहे. कार्यक्रम तोंडावर असेल तर ती केबल तशीच ठेवून वाजवा, काहीही बिघडत नाही. नंतर अँपचा प्लग भिंतीतून काढून, दोन्ही भोकांत इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर अगदी थोडा मारा, प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर करा आणि वाळू द्या. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे वापरू नका, त्याचा थर धूळ धरतो. व्हॉल्व्हचा अँप मात्र स्वतः उघडू नका: आत 400 व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि वीज काढल्यानंतरही तो कपॅसिटरमध्ये राहू शकतो. क्लीनरने भागलं नाही तर जॅक बदलून घ्या. तो भाग स्वस्त आहे, लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो आणि जाणता मेकॅनिक थोड्या वेळात बसवून देतो.

समुद्राकाठी राहणाऱ्या प्रत्येक वादकाने लूप वापरत नसला तरी महिन्यातून एकदा त्या दोन भोकांत प्लग घालून काढावा आणि एक आखूड पॅच केबल कायम गिटारच्या बॅगेत ठेवावी.